शिक्षक-प्रशिक्षणाच्या पन्नास तासांचं करायचं काय? नव्या प्राचार्यांसाठी, इंदूरहून

प्राचार्य म्हणून माझं पहिलं वर्ष होतं. जूनचा तिसरा आठवडा, शाळेचा हॉल, चारपैकी दोन कूलर बंद आणि समोर 42 शिक्षक. बाहेरगावाहून बोलावलेले वक्ते स्वतःवर विश्वास ठेवायला सांगत होते. दोन दिवस टाळ्या झाल्या, फुगे फोडून झाले, ग्रुप फोटो झाला, प्रमाणपत्रं वाटली, कचोऱ्या संपल्या. खर्च 85,000 रुपये. मॅनेजमेंट खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी मी वर्गांवरून फिरले तर सगळं जसंच्या तसं. धडा वाचून दाखवणं, प्रश्नोत्तरं फळ्यावर, मुलांच्या माना वहीत. आठवी ब च्या विज्ञानाच्या मॅडम रामबागेतल्या, म्हणजे इंदूरच्या मराठी वस्तीतल्या, आमचं मराठीत बोलणं. त्यांना स्टाफरूममध्ये विचारलं, ट्रेनिंगचा काही उपयोग झाला का? त्या म्हणाल्या, "ताई, छानच होतं. पण ते माझ्या आठवी ब मध्ये कसं करायचं, ते कुणी सांगितलंच नाही."

पुढची आठ वर्षं मी या एका वाक्यावर काम केलं आहे. तुम्ही नुकतेच प्राचार्य झाला असाल (महाराष्ट्रात मुख्याध्यापक म्हणतात, आमच्याकडे शिपायापासून सगळे 'प्राचार्य मॅडम' म्हणतात), तर माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा सीबीएसईची, खाजगी, मध्यम फीची. मध्य प्रदेश बोर्डाच्या किंवा सरकारी शाळेत कागद वेगळे असतील, पण वर्गातलं काम तेच.

आधी नियम, दोन मिनिटांत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. प्राचार्यांनाही तितकेच, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सीबीएसईने त्याची विभागणी केली: 25 तास मंडळाच्या किंवा सरकारी प्रशिक्षण संस्थांकडून, 25 तास शाळेतच किंवा शाळांच्या समूहात. पुढे शिक्षकांच्या राष्ट्रीय व्यावसायिक मानकांप्रमाणे हे तास तीन भागांत वाटले: मूल्यं आणि नीतिमत्ता 12, ज्ञान आणि अध्यापन 24, व्यावसायिक वाढ 14. परिपत्रकं बदलत राहतात, म्हणून दर एप्रिलला चालू परिपत्रक काढून फाइलला सगळ्यात वर लावा.

बहुतेक शाळांत हे 50 तास म्हणजे भरायचा कोटा असतो. धोरणात मात्र हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीप्रमाणे असावेत असं म्हटलं आहे. मॅनेजमेंटपुढे बसाल तेव्हा ते वाक्य अधोरेखित करून न्या.

1. पहिले तीन आठवडे फक्त बघा

नवीन प्राचार्य आला की पहिल्याच सोमवारी ट्रेनिंग कॅलेंडर काढतो. मीही काढलं होतं. काढू नका.

रोज दोन वर्गांत जा, मागच्या बाकावर बसा, हातात काही घेऊ नका. वही-पेन दिसलं की शिक्षक ठेवणीतला धडा काढतात. आमच्याकडे एका सरांनी 'प्रकाशाचं परावर्तन' मला दोनदा शिकवलं, एकाच वर्गाला, दहा दिवसांच्या अंतराने! मुलं इतकी गुणी की दुसऱ्यांदाही नवीन असल्यासारखी हात वर करत होती.

शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. किती मुलं बोलली? तीच चार का? मागच्या रांगेतला मुलगा फळ्यावरून उतरवतोय की फक्त पेन फिरवतोय? तास संपल्यावर शेजारच्या मुलाला हळूच विचारा, "आज काय झालं रे?" धड्याचं नाव सांगितलं तर त्यातून काही कळत नाही. "ते ना, बर्फ वितळतो पण तापमान वाढत नाही" असं काही म्हणाला, तर त्या वर्गात शिकवणं झालं.

वह्याही बघा. प्रत्येक वर्गातल्या तीन, हुशार मुलांच्या सोडून. लाल पेनाने नुसत्या टिक मारल्या आहेत की कुठे काही लिहिलंय?

2. विचारा, पण फॉर्म भरून घेऊ नका

'आपणास कोणत्या विषयावर प्रशिक्षण हवे आहे?' असा फॉर्म मी दोन वर्षं वाटला. उत्तरं ठरलेली: स्मार्ट बोर्ड, स्पोकन इंग्लिश, स्ट्रेस मॅनेजमेंट. वर्गात काय अडतंय ते फॉर्मवर कोणी लिहीत नाही, कारण ते लिहिणं म्हणजे आपलं अडतं हे कबूल करणं.

तिसऱ्या वर्षी फॉर्म बंद केला आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलले. केबिनमध्ये नाही. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधी आपला गुन्हा आठवतो. मैदानाच्या कडेला, मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात. प्रश्न एकच: "मागच्या आठवड्यात कुठला तास फसला?" आणि त्याआधी माझा स्वतःचा फसलेला तास सांगायचा.

मग बोलायला लागले. सहावीच्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या, मुलं 1/2 आणि 1/3 ची बेरीज 2/5 करतात, तीनदा शिकवलं तरी. सामाजिक शास्त्राचे सर म्हणाले, प्रश्न विचारला की वर्ग थिजतो, मग मीच उत्तर देतो. हिंदीच्या मॅडमला दहावीचे निबंध तपासायला रविवार पुरत नव्हता. 42 जणांशी बोलायला मला पाच आठवडे लागले. त्यातून दोन पानांची यादी झाली, आणि त्या यादीत स्ट्रेस मॅनेजमेंट कुठेच नव्हतं.

3. एका सत्रात एकच गोष्ट

यादी हातात आली की सगळं एकदम सुधारायचा मोह होतो. आवरा. एप्रिल ते सप्टेंबर एक गोष्ट, ऑक्टोबर ते फेब्रुवारी दुसरी. ती इतकी लहान हवी की उद्या सकाळच्या पहिल्या तासाला करून बघता येईल. 'अध्यापनाची गुणवत्ता' हा विषय होत नाही. 'प्रश्न विचारल्यावर थांबणं' हा होतो.

आम्ही सुरुवात त्यानेच केली. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलायला पुढे येतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. लक्षात घ्या, यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो ना बजेट. आणि तरी ते जमायला महिने लागतात, कारण वर्गातली तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला अंगावर येते.

लहान गोष्ट निवडण्याचं दुसरं कारण असं की ती सगळ्यांना लागू पडते. पहिलीच्या मॅडम, बारावीचे अकाउंट्सचे सर, पीटीचे सरसुद्धा. अपूर्णांकांचा प्रश्न मात्र फक्त गणिताच्या चौघांचा आहे, तो त्यांनी त्यांच्यात सोडवायचा. त्यासाठी पुढची पायरी.

4. वेळ काढून द्या (प्राचार्यांचं खरं काम हेच)

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक शाळांचं गाडं इथेच अडतं.

दुसऱ्या वर्षी मी सगळं शाळा सुटल्यावर ठेवलं होतं. बुधवारी 2 वाजून 10 मिनिटांनी शाळा सुटायची, सव्वादोन ते सव्वातीन बैठक. पहिल्या बुधवारी 42, दुसऱ्या बुधवारी 30, तिसऱ्या बुधवारी आलेल्यांपैकी निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे. मला राग आला होता. मग आमच्या ट्रान्सपोर्टच्या भैयांनी समजावलं, "मॅडम, स्टाफ के छब्बीस लोग तो बस से ही जाते हैं." शाळेची बस 2.25 ला निघते. ती सुटली की सुदामानगर किंवा राऊला जायला दोन रिक्षा बदलायच्या, आणि घरी मूल शाळेतून येऊन कुलुपाशी उभं. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, कारण मी गाडीने जाते.

तेव्हापासून नियम केला: शाळेचं शिकणं शाळेच्या वेळेत.

ते कसं बसवायचं? आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार रोज आठ तास, म्हणजे आठवड्याचे 40, प्रत्येक तास 40 मिनिटांचा. शिक्षकाकडे साधारण 30 तास, 10 मोकळे. त्यातले तीन-चार अरेंजमेंटमध्ये जातात (कोणी रजेवर असलं की त्या वर्गावर दुसऱ्याला पाठवायचं, ती अरेंजमेंट), बाकीचे वह्या तपासण्यात. मी टाइमटेबल इनचार्जसोबत बसून एवढंच मागितलं: एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांचा आठवड्यात एक मोकळा तास एकाच वेळी. गणिताचा मंगळवारी चौथा, विज्ञानाचा गुरुवारी सहावा, असं.

"होणारच नाही" असं उत्तर येईल. होतं. युक्ती क्रमाची आहे. टाइमटेबल करताना आपण आधी लॅब बसवतो, मग गेम्स, मग मोठे वर्ग, आणि उरलेल्या फटींतून शिक्षकांची सोय बघतो. तुम्ही हे सामायिक तास सगळ्यात आधी बसवा, कोऱ्या तक्त्यावर, निळ्या पेनाने. मग बाकीचं. आमच्या इनचार्ज सरांना पहिल्या वर्षी चार रात्री जागावं लागलं, दुसऱ्या वर्षी एकच.

हिशेब करा. सण, परीक्षा, गॅदरिंग वजा जाता वर्षाचे 30 आठवडे हाती लागतात. 30 गुणिले 40 मिनिटं म्हणजे 20 तास. शाळेतल्या 25 पैकी 20 तास तुम्ही कोणालाही शाळा सुटल्यावर न थांबवता दिलेत. राहिलेले पाच एका शनिवारी होतात.

सापळा एकच, पण मोठा: अरेंजमेंट. इंदूरमध्ये रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी किंवा लग्नसराईत सकाळी नऊ-नऊ शिक्षक रजेवर असतात, आणि अरेंजमेंट रजिस्टर घेऊन बसलेल्या कोऑर्डिनेटरला ते निळे चौकोन म्हणजे आयते मोकळे शिक्षक दिसतात. एकदा हात घातला की संपलं, महिन्याभरात तो तास कागदावरच उरतो. आमच्याकडे निळ्या चौकोनात अरेंजमेंट लावायची तर माझी सही लागते. सही मागायला कोणी आलं की मी विचारते, तो वर्ग कुठला? आणि शक्य असेल तर मीच जाते. वर्षभरात 20-22 वेळा गेले असेन. त्या निमित्ताने कळलं की नववी क च्या खिडकीला पडदा नाही आणि दुपारी फळा दिसतच नाही.

मॅनेजमेंट म्हणेल, मोकळे तास द्यायला पगार देतो का? त्यांना शिक्षण हक्क कायदा 2009 ची अनुसूची दाखवा. शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास त्यात लिहिले आहेत, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हे काम आहे, असं कायदाच म्हणतो. आवाज न चढवता तो कागद टेबलावर ठेवायचा.

5. आधी स्वतःचा वर्ग उघडा

आता त्या सामायिक तासात करायचं काय? गप्पा होऊ नयेत, पोर्शन किती झाला याचीही बैठक होऊ नये. एकमेकांचे वर्ग बघणं आणि त्यावर बोलणं, एवढंच.

पण 'एकमेकांचे वर्ग बघा' असं सर्क्युलर काढलंत तर कोणी जाणार नाही. आपल्याकडे वर्गात दुसरा माणूस येतो तो इन्स्पेक्शनलाच. म्हणून सुरुवात माझ्यापासून केली. मी मूळची भूगोलाची. सातवी अ चा एक तास घेतला आणि सामाजिक शास्त्राच्या तिघांना बोलावलं. काम एकच दिलं: मी प्रत्येक प्रश्नानंतर किती सेकंद थांबते, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. बाकी काही बघू नका.

विषय होता वारे. मला वाटत होतं मी भरपूर थांबते. 40 मिनिटांत मी 31 प्रश्न विचारले. तीन सेकंदांच्या वर थांबले फक्त चार वेळा. सगळ्यात धाकट्या सरांनी, ज्यांना नोकरीत सहा महिने झाले होते, खाली बघत सांगितलं, "मॅडम, नऊ प्रश्नों के जवाब आपने खुद दे दिए." स्टाफरूममध्ये क्षणभर शांतता, मग हशा. सगळ्यात मोठ्याने मी हसले, जरा जबरदस्तीनेच, खरं सांगायचं तर कान गरम झाले होते.

त्या आठवड्यात पाच जणांनी आपापल्या वर्गाचं दार उघडलं. हे तुम्हाला टाळता येणार नाही. शिकवणं सुटून पंधरा वर्षं झाली असतील तर आठवड्यात दोन तास तरी स्वतःकडे घ्या, नाहीतर बाकीचं सगळं उपदेश होतं.

जोड्या लावताना ज्येष्ठ-कनिष्ठ अशी ठरावीक जोडी लावू नका. ज्येष्ठ लगेच गुरू होतात. आम्ही जोड्या त्यांनाच निवडू दिल्या. एक जण दुसऱ्याचा 20 मिनिटांचा तास बघतो, पूर्ण नाही. निरीक्षणाच्या कागदावर दोनच रकाने: 'मी काय पाहिलं' आणि 'मी काय विचारीन'. 'सुधारणा' हा रकाना मुद्दाम नाही. 'वर्ग चांगला घेतला' हे पाहिलेलं होत नाही, 'तिसऱ्या रांगेतल्या मुलीने तीनदा हात वर केला, तिला विचारलं गेलं नाही' हे होतं.

आणि हा नियम लाल अक्षरात लिहून ठेवा: हे कागद अप्रेझलला, इन्क्रिमेंटला, कशालाही जोडायचे नाहीत. दुसऱ्या सत्रात मॅनेजमेंटमधून निरोप आला की त्या शीट्स वार्षिक रिपोर्टसोबत पाठवा. मी म्हटलं, शीट्स शिक्षकांकडेच असतात, शाळेकडे नाहीत. ते खरंही होतं, कारण मी तसंच ठरवलं होतं. एकदा जरी तो कागद कोणाच्या पगाराला लागला असता, तर दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहून आलं असतं. अप्रेझलसाठी तुमचं वेगळं निरीक्षण असेल ते उघडपणे, वेगळ्या दिवशी, सांगून करा.

कोणी नाही म्हणेल. आमच्या हिंदीच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "बाईस साल हो गए पढ़ाते, अब घड़ी देखकर पढ़ाऊँ?" मी हट्ट केला नाही. सप्टेंबरमध्ये निबंध तपासण्याचा प्रश्न निघाला तेव्हा कळलं की त्या चुका दुरुस्तच करत नाहीत. ओळीच्या टोकाला फक्त ठिपका देतात. एक ठिपका म्हणजे त्या ओळीत एक चूक, ती मुलाने स्वतः शोधायची. वेळ निम्मा, आणि मुलांच्या चुका खरंच कमी. हे त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला पत्ता नव्हता. त्यांच्या वह्या बघायला चौघी जणी गेल्या. स्टॉपवॉच त्यांनी आजतागायत हातात घेतलेलं नाही, आणि काही बिघडलं नाही.

6. बाहेरचं प्रशिक्षण निवडताना

बाहेरचं सगळं वाईट असं नाही. पण बोलावण्याआधी तीन प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः शेवटचं कधी मुलांना शिकवलंत? आमच्या वर्गात येऊन एक तास घ्याल का? दीड-दोन महिन्यांनी परत याल का? तिन्हींना हो म्हणणारा माणूस मिळाला तर त्याची फी द्या. पहिल्या प्रश्नालाच विषय बदलला, तर चहा पाजून निरोप द्या.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. याची उत्तम परंपरा आपल्याच मध्य प्रदेशात होती, आणि इंदूरच्या प्राचार्यांनाही ती फारशी माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र या स्वयंसेवी संस्थांनी तो उभा केला, 1982 नंतर एकलव्य संस्थेने चालवला, आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. त्यात शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण व्हायचं, पण तिथे काम संपत नसे. वर्षभर दर महिन्याला शिक्षक एकत्र बसून वर्गात काय अडलं ते मांडत, आणि कार्यक्रमाची माणसं शाळेत जाऊन बघत. प्रशिक्षण एकदा आणि पाठपुरावा वर्षभर, हा हिशेब त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळला होता.

मंडळाकडच्या 25 तासांसाठी सीबीएसईची स्वतःची प्रशिक्षणं आहेत, आणि सहोदय शाळा-समूहामार्फत शेजारच्या शाळांसोबत मिळून काही आखता येतं. भोपाळला एनसीईआरटीचं क्षेत्रीय शिक्षण संस्थान आहे, त्याच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. ऑनलाइनसाठी सरकारच्या दीक्षा पोर्टलवर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स फुकट आहेत.

ऑनलाइन कोर्सचा सापळा सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. व्हिडिओ एका खिडकीत चालू, हातात वह्यांचा गठ्ठा, शेवटची प्रश्नपत्रिका ग्रुपवर आलेल्या उत्तरांवरून. शिक्षकांवर चिडू नका. रात्री दहा वाजता एकटीने कोर्स करायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? आम्ही एक बदल केला: कोर्स दोघींनी मिळून, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, निळ्या तासात. आणि प्रमाणपत्र देताना मी एकच विचारते, "यातलं काय करून बघितलंत?" काहीच नाही, हे उत्तरही चालतं. खोटं चालत नाही.

7. कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण तपासणीच्या दिवशी हेच वाचवतं. एका बॉक्स फाइलमध्ये एवढं हवं:

- चालू वर्षाचं मंडळाचं परिपत्रक
- प्रत्येक शिक्षकाचं एक पान: नाव, विषय, वर्षभराचे तास, कुठल्या भागात किती
- प्रत्येक सामायिक तासाची नोंद: तारीख, विषय, उपस्थितांच्या सह्या, दोन ओळींत काय ठरलं
- बाहेरच्या प्रशिक्षणांची आणि ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं, झेरॉक्स आणि स्कॅन दोन्ही
- टाइमटेबलची प्रत, निळे चौकोन दिसतील अशी
- खर्चाची मॅनेजमेंटची मंजुरी, तोंडी नको

सह्या त्याच दिवशी घ्या. मार्चमध्ये बसून वर्षभराच्या सह्या एका पेनाने केल्या की त्या ओळखू येतात. आणि ही फाइल कोऑर्डिनेटरकडे द्या, पण महिन्यातून एकदा स्वतः उघडा. निरीक्षणाचे दोन रकान्यांचे कागद या फाइलमध्ये ठेवायचे नाहीत, ते का ते वर आलं आहेच.

8. फरक पडला की नाही, कसं बघायचं

अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे पाचपैकी पाच देतात, माझ्या त्या फुग्यांच्या ट्रेनिंगलाही दिले होते. मी तीन जागी बघते. डिसेंबरमध्ये पुन्हा प्रत्येक वर्गाच्या तीन वह्या काढते आणि एप्रिलमध्ये मोबाइलवर काढलेल्या फोटोंशेजारी ठेवते. मागच्या बाकावर बसून किती वेगळी मुलं बोलली ते मोजते. आणि स्टाफरूममध्ये कान देते: वर्गाबद्दल बोलणं होतं आहे का, की फक्त डीए आणि सोन्याचा भाव?

पहिल्या सत्राअखेर प्रश्नानंतर थांबणं 42 पैकी साधारण 15 जणांच्या वर्गात दिसत होतं. मला तेव्हा ते कमी वाटलं. पुढच्या वर्षी 24-25. निकालाच्या टक्क्यांत काय फरक पडला ते मी कधी सांगत नाही. मॅनेजमेंट विचारतं, मी वह्या दाखवते.

सगळं जमलं असंही नाही. सहावीत 2/5 अजून येतात, कमी येतात. गणिताच्या चौघांनी कागदाच्या पट्ट्या घड्या घालून बघितल्या, पोळीचे तुकडे करून बघितले, आता मुलांनाच 'हे चूक का' ते लिहायला सांगतात. गेल्या मंगळवारी चौथ्या तासाला मी दारातून बघितलं तर चौघं एका वहीवर वाकली होती आणि जोरात वाद चालला होता. मी आत गेले नाही.

सुरुवात कधी करायची?

सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, पण तुमचं काम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे, टाइमटेबलचा कोरा तक्ता इनचार्ज सरांच्या टेबलावर येतो तेव्हा. त्या दिवशी पोहे सांगा, वर शेव आणि जीरावन (आमचा इंदुरी मसाला) जरा जास्त, कारण बैठक लांबेल. निळं पेन घरून न्या, शाळेच्या कपाटात ते कधीच सापडत नाही.